आधी डोळे, मग दुर्बीण, मग कॅमेरा: साताऱ्यातून आकाश शिकताना

खटाव तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराला माळवद होतं आणि उन्हाळ्यात सगळं घर तिथंच झोपायचं. आजी उताणी पडून बोट करायची, "ती बघ म्हातारीची बाज. चार खूर दिसले का? आणि मागं ते तिघं चोर." त्या बाजेला शाळेत सप्तर्षी म्हणतात हे मला नंतर कळलं, पण ओळख आजीनं करून दिली होती ती कायमची. तेव्हापासून आकाश बघते आहे. गेली वीसेक वर्षं कॅमेराही सोबत असतो. आता साताऱ्यात राहते आणि दिवाळी झाली की कुणी ना कुणी हमखास विचारतं, "ताई, टेलिस्कोप कुठला घेऊ?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिलं वर्ष काहीच घेऊ नका. हा लेख त्या एका वर्षाचा आणि त्याच्या पुढच्या दोन-तीन वर्षांचा आराखडा आहे.

पहिली पायरी: एक जागा आणि एक वही

घराची गच्ची, सोसायटीचा वरचा मजला, शेतातलं खळं, काहीही चालेल. मात्र वर्षभर तीच जागा ठेवा. जागा एकच असली की आकाश सरकतं ते कळतं. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास. हे पुस्तकात वाचून डोक्यात राहत नाही. समोरच्या टाकीवर रात्री नऊला दिसणारी रोहिणी पुढच्या महिन्यात सातलाच तिथं आलेली दिसली की मग ते विसरता येत नाही.

पहिल्या रात्री फक्त दिशा पक्क्या करा आणि हात मोजमापाला वापरायला शिका. हात पूर्ण ताणून मूठ धरली की ती आडवी साधारण १० अंशांची होते, करंगळीची जाडी १ अंशाची. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, म्हणजे करंगळीआड सहज लपतो. करून बघा, लोकांना हे खरं वाटत नाही.

सातारा सुमारे १७.७ उत्तर अक्षांशावर आहे. ध्रुवतारा क्षितिजापासून जवळपास तेवढ्याच उंचीवर दिसतो, म्हणजे उत्तरेला पावणेदोन मुठी. तो फार तेजस्वी नाही आणि खालच्या धुरकट पट्ट्यात असतो, त्यामुळे नवशिक्यांना सापडत नाही. फेब्रुवारी ते जून सप्तर्षीच्या बाजेच्या पुढच्या दोन खुरांची रेघ वाढवून तो शोधा. ऑक्टोबर ते डिसेंबर संध्याकाळी सप्तर्षी नसतात, तेव्हा इंग्रजी एम अक्षरासारख्या शर्मिष्ठेच्या आधाराने शोधा.

दक्षिणेची गोष्ट जास्त आनंदाची आहे. फेब्रुवारीच्या मध्यात रात्री नऊला दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. साडेपाच मुठी वर व्याध असेल, आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. त्याच्या बरोबर खाली, क्षितिजापासून दोन मुठींवर, अगस्ती. तेजात याचा क्रमांक दुसरा. आता मागे वळा, ध्रुव जवळजवळ तेवढ्याच उंचीवर आहे. युरोपातल्या बहुतेक लोकांना अगस्ती आयुष्यात घरून दिसत नाही, आपल्याला तो अंगणातून दिसतो. त्रिशंकूही, म्हणजे दक्षिणेचा क्रूस, दिसतो, मे महिन्यात रात्री नऊ-साडेनऊला, दक्षिण क्षितिजावर एक ते दीड मूठ. पण अजिंक्यतारा शहराच्या दक्षिणेला आहे. किल्ल्याच्या पायथ्याच्या पेठांत राहणाऱ्यांचा त्रिशंकू डोंगराआड जातो. त्यांनी त्या एका रात्रीपुरतं शहराबाहेर पडावं.

वहीत पाच गोष्टी लिहायच्या: तारीख, वेळ, तिथी, काय दिसलं, आणि कृत्तिकांच्या पुंजक्यात किती तारे मोजता आले. शेवटची नोंद फार उपयोगी आहे. सहा दिसले तर आकाश बरं, सातपेक्षा जास्त दिसले तर उत्तम, नुसता धूसर पुंजका दिसला तर धूळ किंवा दिव्यांचा उजेड फार. उपकरणाशिवाय आकाशाची प्रत मोजायची याहून सोपी रीत मला माहीत नाही.

मोबाइलवर स्टेलेरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं ॲप घ्या, फुकट मिळतं आणि चांगलं आहे. पण आधी तारा आकाशात ओळखायचा प्रयत्न करा आणि मग फोनवर ताडून बघा. सारखा फोन आभाळाकडे धरून नावं वाचणाऱ्याला वर्षानंतरही फोनशिवाय काही सापडत नाही, हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिलं आहे.

नावं तुम्हाला आधीच माहीत आहेत

आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला निम्मी नक्षत्रं तोंडपाठ असतात. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा. पाऊस त्यांच्यावरच मोजतात. तरी "मृग दाखव" म्हटलं की तोच माणूस गोंधळतो. कारण साधं आहे. ७ जूनच्या सुमारास मृग निघाला म्हणतात तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात शिरलेला असतो. मृग तेव्हा दिवसा सूर्यासोबत आकाशात असतो, रात्री दिसणारच नाही. सहा महिने थांबा. डिसेंबरच्या मध्यात दिवेलागणीनंतर मृग पूर्वेला उगवतो आणि रात्रभर आकाशात असतो. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला हाच हिशेब लावा, पाऊस ज्या नक्षत्राचा त्याच्या सहा महिने पुढे ते नक्षत्र रात्रभर दिसतं. माझ्या मते मराठी माणसाला आकाश शिकायला याहून चांगला दरवाजा नाही.

मृगापासून सुरुवात करा. मधले तीन तारे म्हणजे बाण. बाणाची रेघ एका बाजूला वाढवली की व्याध, दुसऱ्या बाजूला वाढवली की लालसर रोहिणी, त्याच्याही पुढे कृत्तिका. मृगाच्या चौकटीत एका कोपऱ्यात तांबूस काक्षी आणि तिरक्या कोपऱ्यात निळसर पांढरा राजन्य. ताऱ्यांना रंग असतात हे पहिल्यांदा इथंच कळतं. काक्षी तुलनेने थंड, म्हणून लाल. राजन्य फार तापलेला, म्हणून निळसर. लोहाराच्या भट्टीत लोखंड लाल असताना कमी तापलेलं असतं, तसंच.

उन्हाळ्यात सप्तर्षींच्या शेपटीचा, म्हणजे त्या तिघा चोरांचा, बाक पुढे नेला की केशरी स्वाती आणि तसाच पुढे गेलात की चित्रा. मेच्या रात्री उशिरा पूर्व-दक्षिणेला वृश्चिक वर येतो. विंचू म्हणून दुसऱ्या कुणी दाखवायची गरजच नाही, नांगीसकट विंचूच दिसतो. पोटात लाल ज्येष्ठा, नांगीत मूळ.

तिथी बघायला शिका

आकाशाचं वेळापत्रक भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेलं असतं. अमावस्येच्या अलीकडचे सहा-सात आणि पलीकडचे चार-पाच दिवस संध्याकाळचं आकाश काळं असतं. आकाशगंगा, दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे दूरचे तारकासमूह), उल्का यांच्यासाठी हेच दिवस. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. मधल्या दिवसांसाठी रोज साधारण ५० मिनिटांचा फरक धरा. संकष्टीचा चंद्रोदय तर मिनिटासकट छापलेला असतो. त्यात रोज पाऊण-एक तास वाढवत गेलात की पुढचा आठवडाभर चंद्र कधी उगवणार ते तोंडी सांगता येतं.

पौर्णिमेला चंद्र बघू नका. सपाट आणि डोळे दिपवणारा दिसतो. शुद्ध सप्तमी ते दशमी बघा, उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात.

कुठे जायचं, केव्हा जायचं

सातारा जिल्ह्याची गंमत अशी की एका बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणारं महाबळेश्वर आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम पाचशेच्या आसपास पाऊस मिळणारा माण. आकाश बघणाऱ्याला दोन्ही बाजू हव्यात.

पश्चिमेला कासचं पठार शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर, उंची साधारण १२०० मीटर. यवतेश्वराचा घाट चढलात की शहराचा धूर आणि धूळ खाली राहते. पण कास हा जागतिक वारशात समावेश झालेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, वनखात्याचे नियम आहेत आणि ते असायलाच हवेत. पठारावर रात्री ट्रायपॉड रोवत फिरायचं नाही. फुलांच्या हंगामात तर अजिबात नाही. त्या बाजूच्या गावातल्या एखाद्या मुक्कामाच्या जागेतल्या अंगणातून बघा, आकाश तेच असतं. ठोसेघर-चाळकेवाडीचा पठारी भाग मला छायाचित्रांसाठी जास्त आवडतो. सातारा शहर तिथून ईशान्येला राहतं, म्हणजे शहराचा उजेड पाठीमागे आणि दक्षिणेचं आकाश बऱ्यापैकी काळं. आकाशगंगेचा मधला भाग दक्षिणेलाच असल्यामुळे हा फरक मोठा आहे. पवनचक्क्या फोटोत सुंदर दिसतात. मात्र त्या जिथं उभारतात तिथं वारा असणारच, तेव्हा ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला पाण्याची बाटली किंवा दगडांची पिशवी टांगा.

पूर्वेला माण-खटावचं आकाश कोरडं असतं. पश्चिमेकडे ढग असतात तेव्हा दहिवडीच्या बाजूला बऱ्याचदा मोकळं मिळतं. माझी सगळ्यात चांगली छायाचित्रं खटावातल्या एका ज्वारीच्या रानातून काढलेली आहेत.

ऋतूंबद्दल थोडक्यात. जून ते सप्टेंबर आकाश बंद, तेव्हा शिकायचं आणि जुन्या फोटोंवर प्रक्रिया करायची. परतीचा पाऊस संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा धुतल्यासारखी असते, पण दव फार पडतं. डिसेंबर-जानेवारीत रात्र मोठी आणि थंडी बोचरी. कृष्णाकाठी पहाटे धुकं धरतं, तेव्हा वर पठारावर जावं. फेब्रुवारीपासून पाचट जाळल्याचा धूर, डोंगरावरचे वणवे आणि धूळ वाढत जाते. तरीही मार्च ते मे सोडू नका, कारण आकाशगंगेचा गाभा तेव्हाच येतो.

सुरक्षेचं मी गांभीर्याने सांगते. एकट्याने जाऊ नका. कुठे जाताय आणि कधी परतणार हे घरी सांगा. जमीन कुणाची आहे ते दिवसा विचारून घ्या, गावातल्या एखाद्या माणसाला कल्पना द्या, रात्री अनोळखी गाडी उभी दिसली की लोक घाबरतात. पश्चिमेच्या रानात गवे आहेत, बिबटे आहेत, पठारावर घोणस आणि फुरसं आहे. घोट्याच्या वर येणारे बूट घाला आणि पाऊल टाकण्यापूर्वी बॅटरी मारा. मुलींनी आणि बायकांनी ओळखीच्यांचं शेत किंवा गावातल्या देवळाचं आवार निवडावं. मी सुरुवातीची कितीतरी वर्षं भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलं यांना घेऊनच जायची, आणि त्यात त्या मुलांनाही आकाश लागलं.

अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि फोनच्या एका झगमगाटात ती मेहनत वाया जाते. अंधारात बघणाऱ्या पेशींना लाल उजेड फारसा कळत नाही. म्हणून बॅटरीवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन पदर रबराने बांधा. खर्च पाच-दहा रुपये.

दुर्बीण

वर्ष झालं, पंधरा-वीस तारे आणि आठ-दहा नक्षत्रं ओळखीची झाली, की १० बाय ५० ची द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायची दुर्बीण, घ्या. १० म्हणजे दहापट मोठं दाखवते, ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. हात थरथरतात, तेव्हा आरामखुर्चीत रेलून बघा किंवा कोपर भिंतीला टेकवा. कृत्तिका, मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघ (चमकणारा वायूचा ढग), गुरूचे चार चंद्र, मे महिन्यात दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा हा गोल तारकागुच्छ, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात देवयानी दीर्घिका. देवयानी पुसट ढगाच्या ठिपक्यासारखी दिसते. पण तो उजेड सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे.

टेलिस्कोप त्यानंतर. डब्यावर "५२५ पट" असं छापलेला आणि डगमगत्या तिवईवरचा टेलिस्कोप घेऊ नका. मी पहिला टेलिस्कोप तसाच जाहिरात बघून मागवला होता, त्यातून शनी एका जागी कधी थांबलाच नाही, आणि त्या निराशेत माझी दोन वर्षं गेली. उपयोगी मोठेपणाची कमाल मर्यादा व्यासाच्या मिलिमीटरच्या दुप्पट, तीही हवा शांत असेल तर. महत्त्वाचा असतो तो व्यास. सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटर आरशाचा डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवर ठेवलेला आरशाचा टेलिस्कोप) हा नवशिक्यासाठी माझा एकमेव सल्ला. १२०० मिलिमीटर नाभीय अंतर (आरशापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर) असेल तर २५ मिलिमीटरच्या आयपीसने, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाने, ४८ पट आणि १० च्या आयपीसने १२० पट दिसतं. शनीची कडी, गुरूचे पट्टे, चंद्राचे डोंगर यांना एवढं पुरतं. विकत घेण्याआधी कुणाच्या तरी टेलिस्कोपमधून बघा. पुण्याला जाणं-येणं असेल तर १९४४ साली सुरू झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सर्वांत जुनी संस्था तिथं आहे.

एक गोष्ट कधीही विसरू नका. सूर्याकडे दुर्बिणीतून, टेलिस्कोपमधून किंवा कॅमेऱ्याच्या दृश्यखिडकीतून बघायचं नाही. क्षणभरसुद्धा नाही. खास बनवलेला सौर फिल्टर भिंगाच्या पुढे बसवलेला असेल तरच. एक्स-रेच्या फिल्मा आणि काजळी धरलेल्या काचा सुरक्षित नाहीत. मुलं आसपास असतील तर दिवसा टेलिस्कोपवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीवरही झाकण ठेवा. सूर्याचा खेळ करायचाच असेल तर १० मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमारास अंगणात उभी काठी रोवा, साताऱ्यात तिची सावली नाहीशी होते.

कॅमेरा: फोनपासून सुरुवात

हातात आहे तो फोन पुरे. नव्या बहुतेक फोनमध्ये प्रो मोड असतो. लागेल ती एकच वस्तू म्हणजे फोन धरणारा पक्का ट्रायपॉड. अमावस्येच्या आसपास, अंधारात, मुख्य कॅमेऱ्याने: आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १६०० ते ३२००, शटर (उजेड आत घ्यायचा वेळ) १५ ते २० सेकंद, फोकस हाताने अनंतावर, तीन सेकंदांचा टायमर, आणि मिळत असेल तर रॉ, म्हणजे फोनने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल. बोट लागून फोन हलू नये म्हणून टायमर. पहिला फोटो मृगाचा काढा, कारण चुकलं तर लगेच कळतं.

साधा डीएसएलआर किंवा मिररलेस असेल तर सोबतचं १८-५५ भिंग १८ वर ठेवा, छिद्र पूर्ण उघडा, आयएसओ ३२००. शटर किती? पृथ्वी फिरते, तासाला १५ अंश. जास्त वेळ उघडं ठेवलं की ताऱ्याची रेघ होते. जुना ठोकताळा असा: ५०० ला नाभीय अंतराने भागा, आणि लहान सेन्सर असेल तर आधी त्या अंतराला १.५ ने गुणा. म्हणजे १८ गुणिले १.५ बरोबर २७, आणि ५०० भागिले २७ म्हणजे साधारण १८ सेकंद. आजच्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरवर तेवढ्यातही ताऱ्याला शेपूट येतं, म्हणून मी ३०० ने भागते. ११ सेकंद येतात, पण तारे ठिपक्यासारखे.

सगळ्यात जास्त फोटो फोकसने वाया जातात. भिंगावरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका. स्वयंचलित फोकस बंद करा, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर, व्याध किंवा गुरू दहापट मोठा करून बघा आणि कडं हलकेच फिरवत तो सर्वांत लहान होईल तिथं थांबा. मग कागदी चिकटपट्टीने ते कडं जखडून टाका. दर अर्ध्या तासाने पुन्हा तपासा, थंडी वाढली की फोकस सरकतो.

आकाशगंगेचा गाभा धनू आणि वृश्चिकाच्या सीमेवर आहे. साताऱ्यातून तो दक्षिणेला चारेक मुठी वर येतो. मार्चमध्ये पहाटे चार ते साडेपाच, मेच्या मध्यात रात्री साडेनऊ-दहाला उगवून अडीच-पावणेतीनला सर्वांत वर, आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये अंधार पडल्यापासून नऊपर्यंत नैऋत्येला. पुढ्यात झाड, देऊळ, तटबंदी काहीतरी घ्या. नुसत्या आकाशाच्या फोटोला जागा कळत नाही.

फिरत्या ताऱ्यांची वर्तुळं हवी असतील तर शटर लहान ठेवण्याचं बंधनच नाही. कॅमेरा उत्तरेकडे, ३० सेकंदांचे एकापाठोपाठ १२० फोटो, म्हणजे एक तास. स्टारस्टॅक्स या प्रोग्राममध्ये ते एकावर एक चढवले की ध्रुवाभोवती वर्तुळं उमटतात. आपल्याकडे ध्रुव खाली असल्यामुळे वर्तुळांचा खालचा भाग क्षितिजात बुडतो. जमिनीतून उगवल्यासारखं ते चित्र मला पूर्ण वर्तुळांपेक्षा अधिक भावतं.

पुढची पायरी स्टॅकिंगची. एका फोटोत तारा थोडा आणि कण, म्हणजे अंधारातल्या फोटोतला दाणेदारपणा, फार. पण कण प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी पडतात आणि तारा तिथंच असतो. म्हणून अनेक फोटो जुळवून सरासरी काढली की कण विरतात. १६ फोटोंनी चौपट स्वच्छता येते, ६४ फोटोंनी आठपट. तुमच्याकडे ५० मिलिमीटर एफ/१.८ चं स्वस्त भिंग असेल तर त्याचं छिद्र थोडं लहान करून एफ/२.८ वर आणून मृगाच्या बाणाखाली धरा, ४ सेकंदांचे १०० फोटो घ्या, मधून मधून मृग चौकटीत परत आणा. शेवटी भिंगाला झाकण लावून त्याच सेटिंगवर १५-२० काळे फोटो घ्या, म्हणजे सेन्सरचे तापलेले ठिपके वजा करता येतील. सिक्वेटर, डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल हे तीनही प्रोग्राम फुकट आहेत. पहिल्यांदा पडद्यावर तो तेजोमेघ गुलाबी होऊन वर येतो, ती रात्र झोप लागत नाही.

रंग वाढवताना हात आखडा. जांभळी आकाशगंगा मला खोटी वाटते. दोन वेगळ्या वेळचे फोटो जोडले असतील तर बघणाऱ्याला तसं सांगा. आणि नवख्या माणसाला फोटो दाखवून दुर्बिणीकडे नेऊ नका, डोळ्याला तेजोमेघ करडाच दिसतो आणि उगाच त्याचा विरस होतो.

आकाशासोबत फिरणारी माउंट (कॅमेरा किंवा टेलिस्कोप बसवायची बैठक) घ्यायची वेळ आली की एक स्थानिक अडचण लक्षात ठेवा. तिचा अक्ष ध्रुवाच्या बाजूला पावणेअठरा अंशांवर झुकवावा लागतो. बऱ्याच माउंट वरच्या अक्षांशांसाठी बनवलेल्या असतात आणि इतक्या खाली आणल्या की वजनाचा दांडा तिवईच्या पायाला अडतो. विकत घेताना हे दुकानातच लावून बघा. आणि उत्तरेला डोंगर नसलेली जागा निवडा, ध्रुव दिसलाच नाही तर अक्ष जुळवायला फार त्रास होतो.

दव आणि बुरशी

ऑक्टोबरात तासाभरात भिंगावर दव साचतं. योगाच्या जुन्या चटईची नळी करून भिंगाभोवती लावा, निम्मं काम होतं. परत येताना कॅमेरा बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि घरात तासभर तसाच ठेवा, मग उघडा. पावसाळ्यात साताऱ्याची हवा इतकी ओली असते की कपाटातल्या भिंगांना बुरशी धरते. माझं एक आवडतं भिंग असंच गेलं. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून भिंगं ठेवा, कपड्यांत गुंडाळून कधीच नको. जेलचा रंग पालटला की पुड्या वाळवून पुन्हा वापरा. पंधरा दिवसांनी एकदा डबा कोरड्या खोलीत उघडून भिंगं तपासा.

दुसऱ्याला दाखवताना

मार्च १९९६ मध्ये हयाकुताके धूमकेतू स्वातीच्या आसपास आला होता तेव्हा मी रात्री गल्लीतल्या सगळ्यांची दारं वाजवली होती. वर्षभरानं हेल-बॉप आला तेव्हा तीच माणसं संध्याकाळी मला हाक मारायला आली. तेव्हापासून एकटीनं बघणं मला अपुरं वाटतं. तुम्ही शिकत असतानाच दाखवायला लागा, वाट बघू नका.

शुद्ध सप्तमी-अष्टमीची संध्याकाळ ठरवा. पहिल्यांदा चंद्र, मग गुरू किंवा शनी यांपैकी जो असेल तो. तेजोमेघ पहिल्या दिवशी नको. टेलिस्कोपजवळ एक घट्ट स्टूल ठेवा, लहान मुलांचे चेहरे आयपीसपर्यंत पोचत नाहीत आणि ती नळीला लोंबकळतात. एक डोळा मिटता येत नसेल तर तळहाताने झाकायला सांगा. चष्मा असलेल्या आजी-आजोबांना चष्मा काढून फोकस स्वतः फिरवायला द्या, त्यांना संकोच वाटतो म्हणून ते नुसतंच "दिसलं" म्हणून निघून जातात. प्रत्येकाला विचारा, "काय दिसलं?" उत्तरात कडी, खड्डे, ठिपके असं काही आलं नाही तर पुन्हा बघायला लावा. रांग वाढली तरी घाई करू नका.

१३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून येणाऱ्या उल्का दाखवायला तर काहीच लागत नाही. घोंगड्या, चहाचा थर्मास, आणि चंद्र नसेल ते वर्ष. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास संपूर्ण चंद्र पृथ्वीच्या सावलीत असेल. हिवाळा असल्याने आकाश मोकळं मिळण्याची आशा आहे. आत्तापासून जागा हेरून ठेवा.

मुलांना कोऱ्या कागदावर एक वाटोळं काढून द्या आणि जे दिसलं ते पेन्सिलीने त्यात काढायला सांगा. तारीख आणि वेळ त्यांच्याच हातानं लिहून घ्या. मग बरोबर एका महिन्यानंतर, त्याच गच्चीवर, त्याच वेळेला त्यांना परत बोलवा आणि जुना कागद हातात देऊन विचारा, "मागच्या वेळी मृग कुठं होता?"